नऊ हात, आठ बायका

केप टाउन
४ जानेवारी २०२६

ती. बाबांना,
सा. नमस्कार.

हे फोनवर सांगता आलं असतं. पण आई गेल्यापासून फोनवर आपण दोघं एकमेकांच्या घरातला पंखा ऐकत बसतो. मागे तुम्हीच म्हणालात, लिहून पाठवत जा, लिहिलेलं परत वाचता येतं. म्हणून हाताने लिहिते आणि कागदाचा फोटो शेजारच्या मितेशच्या मोबाइलवर पाठवते. तुम्हीही तसंच करा.

बातमी अशी. आफ्रिकेतल्या शैलचित्रांवर काम करणाऱ्या अभ्यासकांची एक संस्था आहे. दर दोन वर्षांनी ती विद्यार्थ्यांच्या संशोधनातला एक निबंध निवडते, छापते आणि त्याला पुरस्कार देते. या वेळी माझा निबंध निवडलाय. समारंभ एप्रिलमध्ये आहे. पुरस्कार मिळाला की पुढच्या तीन वर्षांच्या संशोधनाची जागा जवळपास नक्की, असं आमच्या मार्गदर्शक बाई म्हणाल्या.

मेल आली तेव्हा मी भांडी घासत होते. वाचली, मोबाइल उलटा ठेवला आणि उरलेली भांडी घासली. मग आईला सांगावं असं वाटलं आणि तेवढंच वाटलं. तुम्ही आनंद झाला का म्हणून विचाराल. झाला असावा. अजून माझ्यापर्यंत पोचलेला नाही.

निबंधात एक गोष्ट अशी आहे जी आत्ता तुम्हाला सांगत नाही. छापून आला की दाखवेन.

आठ तारखेपासून तीन आठवडे आम्ही डोंगरात असू. तिथे मोबाइल चालत नाही. जेवण वेळेवर करा. हौसाकाकी डबा देते तो कुत्र्याला घालू नका, मला मितेशने सांगितलंय.

मनाली


शेलार, भिवंडी
११ जानेवारी २०२६

चि. मनाली हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मितेशने मोठं करून दाखवलं. मी तीनदा वाचलं. चौथ्यांदा ग्रामपंचायतीत वाचून दाखवलं, भांड्यांचा मजकूर वगळून.

तिथे एकाने विचारलं, "बक्षीस कसलं मिळालं पोरीला?" मी म्हटलं, दगडावरच्या चित्रांचं. तो म्हणाला, "त्यासाठी आफ्रिकेला गेली? आपल्याकडं दगड कमी हायेत काय?" सगळे हसले. मग मी उभा राहिलो. माणसाने पहिली रेघ कुठे ओढली, ती ओढणाऱ्यांना पुढे बंदुकीच्या धाकाने त्यांच्याच डोंगरांतून कसं हुसकलं, आणि ज्यांच्या जमिनी जातात त्यांची चित्रं मात्र संग्रहालयात कशी जातात, यावर पंधरा मिनिटं बोललो. टाळ्या पडल्या. मला माझाच आवाज लांबच्या भोंग्यातून आल्यासारखा ऐकू येत होता. वर्षभर हे असंच आहे.

सव्वीस जानेवारीला झेंडावंदनानंतर पंचायतीत तुझा सत्कार ठरला आहे. तू नाहीस, म्हणून शाल मी घेणार. त्यानंतर सरपंच, शाळेच्या बाई आणि आणखी वीसपंचवीस माणसं आपल्या घरी चहाला येतील. तुझ्या आईचं वर्ष डिसेंबरात झालं. वर्षभर घरात कुणाला बोलावलं नव्हतं. आता बोलावलं तर चालेल असं सगळ्यांचं म्हणणं. मितेशने घर नीट करायचं अंगावर घेतलंय. ओटीपासून माजघरापर्यंत सगळं सामान हलवून ठेवलंय, मला माझा चष्मा सापडत नाही.

हौसावहिनी आठ दिवस काल्हेरला लेकीकडे गेली आहे. डबा नाही. मी भात लावतो.

डोंगरात साप असतील. बूट घालून झोप.

केसरीनाथ


केप टाउन
२९ जानेवारी २०२६

ती. बाबांना,
सा. नमस्कार.

काल परत आले. तुमचं पत्र आणि सत्काराचे फोटो एकदमच पाहिले. फेटा तुम्हाला मोठा होतोय. पंचायतीच्या फलकावर माझा फोटो दहावीचा लावलाय, मितेशला विचारा की नवा मिळाला नाही का.

आता ती न सांगितलेली गोष्ट सांगावी लागते आहे, कारण तुमची मदत हवी आहे.

आम्ही ज्या कपारीत काम करतो तिथे दगडावर हातांचे ठसे आहेत. गेरूसारख्या तांबड्या रंगाचे, शेकड्याने. त्यातल्या काही हातांच्या तळव्यावर नक्षी आहे. म्हणजे हाताला रंग फासला, मग दगडावर टेकवण्याआधी ओल्या रंगातून काडीने किंवा नखाने रेघा काढल्या. जिथला रंग निघाला तिथे दगड दिसतो. ही नक्षी कशासाठी, ते सांगायला आता तिथे कुणी उरलेलं नाही. मी पहिल्यांदा तिथे उभी राहिले तेव्हा सगळे चर्चा करत होते आणि मला वाटत होतं, मी आपल्या माजघरात उभी आहे.

तुम्हाला हे ठाऊक आहेच, तरी निबंधात लिहिलंय तसं सांगते. आपल्या घरात नवी सून आली की तांदळाच्या पिठात चुना आणि डिंक कालवतात. तिचा उजवा हात त्यात बुडवतात. घरातली मोठी बाई काडीपेटीच्या काडीने तिच्या तळव्यावर खूण ओढते. प्रत्येकीची खूण वेगळी. मग तो हात गेरूने सारवलेल्या भिंतीवर उठवायचा. मूल झालं तर पाचवीच्या दिवशी तीच बाई, तीच खूण, पुन्हा एक हात, पण ज्यांना ते करावंसं वाटलं त्यांनीच केलं. आपल्या भिंतीवर नऊ हात आहेत आणि बायका आठ. दोनदा हात उठवणारी एकटी आई. लग्नाचा एक आणि माझ्या पाचवीचा एक.

तुम्ही अठ्ठ्याण्णव साली घर नव्याने बांधलंत तेव्हा आई ही एक भिंत पाडू देत नव्हती. तुम्ही तिला हट्टी म्हणालात आणि त्या भिंतीच्या भोवतीने घर बांधलंत.

माझ्या निबंधाचं म्हणणं एवढंच, की कपारीतली नक्षी म्हणजे सजावट नसून ज्याची त्याची खूण असावी. जिथे एकच नक्षी दोनदा येते तिथे हाताचं मापही एकच भरतं. ही कल्पना मला आईच्या दोन हातांवरून सुचली आणि ते मी निबंधात लिहिलं. समिती म्हणते, सुंदर आहे, पण घरच्या भिंतीबद्दल तुम्ही आठवणीवरून लिहिलंत, मापं द्या. म्हणून आईच्या दोन्ही हातांची लांबी, मनगटाच्या रेषेपासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत, आणि एक फोटो, शेजारी पट्टी ठेवून. वीस फेब्रुवारीच्या आत. ही मापं आली नाहीत तर भिंतीचा भाग गाळावा लागेल, आणि तो गाळला तर निबंधाचा कणाच जाईल.

आधी सांगितलं नाही कारण तुम्ही पंचायतीत वाचून दाखवलं असतं.

आईचे हात कुठले ते तुम्हाला सांगायला नकोच.

मनाली


शेलार
९ फेब्रुवारी २०२६

चि. मनाली हिस,
अनेक आशीर्वाद.

उशीर झाला. अंग जड होतं. ताप नव्हता.

मापं घेतली. लग्नाचा हात सोळा सेंटिमीटर आठ मिलिमीटर. पाचवीचा सोळा सेंटिमीटर सहा. दोन्हींवर खूण दोन आडव्या रेघांची आहे.

फोटो जमत नाही. समोर कपाट आलंय आणि उजेड पडत नाही. मितेशची ड्युटी गोदामावर दिवसाची आहे, तो येतो तोवर अंधार होतो. मापांवर भागव.

तुझं म्हणणं मला पटलं. माणूस आधी खूण करतो आणि अक्षर फार नंतर शिकतो. यावर मी एकदा बोलणार आहे.

हौसावहिनी काल्हेरहून मागेच परत आली. डबा सुरू झाला.

केसरीनाथ


केप टाउन
१२ फेब्रुवारी २०२६

ती. बाबांना,
सा. नमस्कार.

बाबा, चुकीचा हात मोजलात. दोन आडव्या रेघा हौसाकाकीच्या. काकीचा भिंतीवर एकच हात आहे, म्हणजे तुम्ही तोच दोनदा मोजला असणार. दोन मिलिमीटरचा फरक पट्टी सरकल्यामुळे. आमच्याकडे नवखी मुलं हेच करतात, तुम्ही वाईट वाटून घेऊ नका.

आईची खूण कोयत्याच्या पात्यासारखी कोर आहे, अंगठ्याच्या बाजूला उघडी. एक हात दिव्याच्या बटणांशेजारी, खांद्याच्या उंचीला. दुसरा बराच खाली, गुडघ्याच्या वर. आई मला मांडीवर घेऊन बसली होती. तिला उठवेना, म्हणून बसल्या बसल्याच तिने भिंतीला हात लावला. हे तिने मला इतक्या वेळा सांगितलंय की मला ते आठवतं असंच वाटतं.

तेवढी दोन मापं पुन्हा घ्या. फोटो नसला तर मी समितीला सांगेन की नंतर देते, माप घरच्या माणसाने घेतलंय. ते मान्य करतील.

रोज सकाळी उठल्यावर पहिली दोन मिनिटं मला कुठलाच देश आठवत नाही. तुम्हाला होतं का असं?

मनाली


शेलार
१७ फेब्रुवारी २०२६

चि. मनाली हिस,
अनेक आशीर्वाद.

तू म्हणतेस ते खरं, चुकीचा मोजला होता. आता नीट मोजले. बटणांशेजारचा सतरा सेंटिमीटर दोन मिलिमीटर. खालचा सतरा सेंटिमीटर एक. दोन्हींवर कोर आहे, अंगठ्याकडे उघडी. बरोबर आहे.

तू विचारलंस ते मला सकाळी होत नाही. मला दुपारी होतं. वर्तमानपत्र संपतं तेव्हा.

केसरीनाथ


केप टाउन
१८ फेब्रुवारी २०२६

बाबा,

काल संध्याकाळी तुमचे आकडे आले आणि मी ते लगेच समितीला पाठवले. तुमच्या नावाने आभार मानले.

आज सकाळी तुमचं पत्र परत उघडलं. मितेशने कागद माजघराच्या भिंतीला टेकवून फोटो काढलाय. कागदाच्या डाव्या बाजूला दोन बोटं रुंद भिंत दिसते आणि बटणांच्या फळीचा तो जळका कोपरा दिसतो. भिंत पिस्ता रंगाची आहे.

मी रोज आठ तास दगडाचे फोटो बघते. मला यात चूक होणार नाही.

भिंत कधी रंगवली?

मनाली


शेलार
२१ फेब्रुवारी २०२६

चि. मनाली हिस,

सोळा जानेवारीला रंगवली. सत्कारासाठी.

सगळं क्रमाने सांगतो. सांगायची तेवढी एकच पद्धत आता मला जमेल.

पाहुणे येणार होते. मितेश म्हणाला, "काका, माजघर बघवत नाय. सगळीकडं नवा रंग आन् तीच एक भिंत लाल." मी म्हटलं, करून टाक. रंगारी धामणकर नाक्यावरून आणला, उत्तर प्रदेशातला, पन्नाशीचा माणूस. मी ओटीवर बसून सव्वीस तारखेचं भाषण लिहीत होतो. तो आतून बाहेर आला आणि म्हणाला, "चाचा, इस दीवार पर हाथों के निशान हैं. रखने हैं क्या?" मी मान वर केली नाही. म्हटलं, सब साफ कर दो. तो आत गेला. थोड्या वेळाने परत आला. "चाचा, पुराने लगते हैं. घर की औरतों से पूछ लो एक बार." मी म्हटलं, घरात बाई नाही. करून टाका.

त्याने भिंत खरवडली, पुट्टी भरली, घासली आणि दोन हात पिस्ता रंग दिला. खाली काही उरलेलं नाही. त्याचा दोष नाही. दोनदा विचारणारा घरात तो एकटाच होता.

हौसावहिनी काल्हेरला होती. परत आली आणि माजघराच्या दारात उभी राहिली. बराच वेळ. मग चुलीकडे गेली आणि चहा ठेवला. मला वाटलं, तिला रंग आवडला नसेल.

मग तुझं एकोणतीस तारखेचं पत्र आलं.

मी दहा दिवस काही लिहिलं नाही. तू पुरस्कार मिळाल्यानंतर पहिल्यांदाच माझ्याकडे काही मागितलं होतंस. मी वहिनीकडे गेलो, पट्टी घेऊन. म्हटलं, हात पुढे कर. ती म्हणाली, "कनाला?" मी म्हटलं, पोरीचं काम आहे. तिने हात पाटावर ठेवला. मी मोजला. ती म्हणाली, "भावजी, ह्यो माझा हात हाय. माझ्या दोन रेघा व्हत्या." मी ते लिहून घेतलं आणि निघून आलो. तुला तेच कळवलं. दुसऱ्या हाताचं माप मनाने दोन मिलिमीटर कमी केलं, खरं वाटावं म्हणून.

तू चूक पकडलीस, आणि माझी बाजू तूच मांडलीस. तेव्हा मी खरं सांगायला हवं होतं. मी काय केलं, तुझ्या आईची बांगडी काढली, आतून मोजली आणि तिच्यावरून अंदाज बांधला. कोर तू लिहिलीच होतीस.

आता सगळ्यात खालचं. भिंत शाबूत असती तरी मला तुझ्या आईचा हात ओळखता आला नसता. तू लिहिलंस की सांगायला नकोच. मला ते सांगावंच लागलं असतं. अठ्ठावीस वर्षं मी त्या भिंतीसमोर जेवलो. तिच्यावर काहीतरी आहे एवढंच मला माहीत होतं. बटणं माहीत होती.

खाडीत भराव टाकला तेव्हा मी बोललो. भातशेतीवर गोदामं आली तेव्हा मी रस्त्यावर बसलो. आमचा इतिहास कुणी लिहिला नाही, आमच्या सह्या कुणी घेतल्या नाहीत, हे वाक्य मी शंभर सभांतून म्हटलं असेल. ते म्हणताना माझ्या घरात आठ बायकांच्या सह्या भिंतीवर होत्या आणि त्या वाचायला अक्षरओळखसुद्धा लागत नव्हती. आमचा इतिहास म्हणताना माझ्या डोळ्यांसमोर पुरुष असायचे, हातात झेंडा घेतलेले. ते मला आज कळलं असं म्हणणार नाही. आज मान्य करावं लागलं.

समितीला माझं नाव सांग. आकडे खोटे आहेत आणि बापाने दिले.

मितेशला मी काही बोललेलो नाही. हुकूम माझा होता.

केसरीनाथ


केप टाउन
२ मार्च २०२६

ती. बाबांना,

तुमचं पत्र आलं त्याच दिवशी समितीला लिहिलं. सांगितलं की भिंत आता नाही, मापं खरी नाहीत, ती माझ्या घरून आली आणि मी ती न तपासता पाठवली. तुमचं नाव घेतलं नाही. आभारातूनही काढायला सांगितलं.

दोन दिवसांनी उत्तर आलं. नम्र होतं. ज्या निबंधात खोटी मापं दाखल झाली त्याला या वर्षी पुरस्कार देता येत नाही. स्वतःहून सांगितल्याची नोंद घेतली आहे. दोन वर्षांनी पुन्हा पाठवता येईल. पुरस्कार दुसऱ्या क्रमांकाच्या मुलाला जाईल. तो चांगला आहे, प्राण्यांच्या खुरांवर काम करतो. पुढच्या तीन वर्षांच्या जागेबद्दल बाईंनी विषय काढला नाही, म्हणजे मला समजलं.

मी एकदाच वाद घातला. हौसाकाकीला फोन केला होता. तिने मला नऊच्या नऊ हात तोंडाने सांगितले. कुठला कुणाचा, खूण काय, कुणी ओढली, कुठल्या साली. मध्ये एकदाही थांबली नाही. ते मी समितीला पाठवलं आणि म्हटलं, आफ्रिकेतल्या कपारीत सांगणारं कुणी राहिलं नाही म्हणून आपण मिलिमीटर मोजतो. इथे सांगणारी बाई जिवंत आहे. मेलेला हात पुरावा आणि जिवंत तोंड म्हणजे ऐकीव, असं का? त्यांनी लिहिलं, मुद्दा विचार करण्याजोगा आहे. त्यापुढे काही नाही.

मी आता काकीचं सगळं लिहून काढते आहे. ते कुठे छापतील की नाही, माहीत नाही. तिचं नाव वर असेल.

तुमच्यावर राग यायला हवा. मी रोज तपासते. येत नाही. पहिल्याच पत्रात भिंतीचं लिहिलं असतं तर ती आज असती, हे मला कळतं. मला ते छापून आल्यावर दाखवायचं होतं. मीही टाळ्यांचीच वाट बघत होते.

काकीने सांगितलं, आळीतल्या बायका म्हणाल्या, चला, आपण सगळ्या मिळून परत हात उठवू, फोटो काढा आणि पाठवा पोरीला. काकीने नको म्हटलं. मला वाटतं बरोबर केलं.

एक मागते. आईच्या हाताबद्दल तुम्हाला जे आठवतं ते लिहा. माप नको. कशासाठीही नको, मला हवंय. आणि खरं लिहा, मग ते थोडं असलं तरी चालेल.

मनाली


शेलार
१५ मार्च २०२६

चि. मनाली हिस,

आधी गावचं. परवा पंचायतीत गेलो आणि सांगितलं. पुरस्कार पोरीला मिळाला होता, माझ्या खोटेपणाने गेला, शाल परत घ्या. चार वाक्यं झाली. पाचवं सुचलं नाही. एकजण म्हणाला, "भिंतच ना ती केसरीनाथ, परत लाल करून टाक." दुसरा म्हणाला, शाल राहू दे, परत कशी घेणार. शाल टेबलावर ठेवून आलो. संध्याकाळी शिपाई घरी आणून देऊन गेला.

बायका आल्या होत्या हे खरं. तांदळाचं पीठही आणलं होतं, चुना कालवायचा बाकी होता. वहिनी दारातच म्हणाली, "लग्न कुनाचं हाय? मग हात कसला उठवताय? फोटोसाठी हात उठवायचा न्हाय." त्या पिठाची तिने गुळातली गोल बोरं केली आणि सगळ्यांना तळून घातली. मलाही दिली.

आता तुझं.

आठ दिवस मी आठवतो आहे. हात आठवत नाही. हातात काय असायचं ते आठवतं. लावणीच्या दिवसांत रोपांची जुडी. खाडीवरून येताना निवट्या मासळीची पाटी. तुझी वेणी. सभेच्या कडेला उभी असायची तेव्हा माझ्यासाठी पाण्याचा तांब्या. भाषण संपलं की मी तांब्या घ्यायचो. मोर्चात पोलिसांनी गाडीत ढकललं तेव्हा माझी पडलेली चप्पल तिच्या हातात होती, ती तिने गाडीमागे धावत येऊन दिली. चप्पल कुठली तेही सांगतो, तपकिरी, अंगठ्याची. हात सांगता येत नाही. तो कधी रिकामा नसायचा आणि मला हातातल्या वस्तूशी काम असायचं.

तू खरं लिही म्हणालीस म्हणून पुढचं लिहितो.

रिकामा हात मी पाहू शकलो असतो असे तीन दिवस होते. इस्पितळात, शेवटचे. डाव्या हाताला सलाईन होतं. उजवा चादरीवर उताणा पडलेला होता, उघडा, माझ्या गुडघ्यापासून वीतभर अंतरावर. त्यात काही नव्हतं. नर्स एकदा म्हणाली, "काका, हात धरून बसा, बरं वाटतं पेशंटला." मी बरं म्हटलं. मग मी पान उलटलं. मी वर्तमानपत्र वाचत होतो. तिन्ही दिवसांचं मला पाठ आहे. कुठल्या पानावर काय होतं ते आजही सांगता येईल.

केसरीनाथ